साईशचे केस कोणाच्या नावचे

पार्से गावात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहाला सायकलचा भोंगा वाजवत यायचा, तेव्हा स्नेहाचा दिवस सुरू व्हायचा. दुपारी साडेतीनला तोच पोदेर, तोच भोंगा, पुन्हा दारात. मधले नऊ तास कुठे गेले असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिने शपथेवर सांगितलं असतं, मला ठाऊक नाही. साईश उठला, साईश पडला, साईशने खाल्लं, साईशने थुंकलं, साईशने डब्यातली तूरडाळ कोंबड्यांना वाढली, एवढ्यात दिवस संपायचा. आज मंगळवार की गुरुवार हे तिला कॅलेंडरवर बघावं लागायचं, आणि कॅलेंडरचं पानही बरेचदा मागच्याच महिन्याचं असायचं.

तिचा नवरा विशाल मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा. घरी आला की चावी खुंटीला अडकवून सहज विचारायचा, "आज काय केलंस?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं सांगा! ती आठवू बघायची आणि डोक्यात नुसता कालवा व्हायचा. "काय नाय," म्हणायची. दिवसभर एका पोराच्या मागे धावून शेवटी स्वतःच्या तोंडाने 'काय नाय' म्हणायचं, ह्यासारखी चीड आणणारी गोष्ट जगात दुसरी नसेल. तिला स्वतःचाच राग यायचा, मग विशालचा, आणि शेवटी भांड्यांचा.

दिवसात ठरलेली अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे साईशचे केस. आंघोळ झाली की ती त्याला पायरीवर दोन गुडघ्यांमध्ये बसवायची, खोबरेल लावायची, गुंता सोडवायची आणि दोन वेण्या घालायची. पोर पाठीपर्यंत केस घेऊन फिरायचं. तेवढी वीस मिनिटं ते जागेवर बसायचं, कारण त्याच्या हातात पोदेराकडची पोई, तो कोंड्याचा गोल पाव, दिलेली असायची. पोई मधून पोकळ असते ना, साईश तिला भोक पाडून आत काहीबाही भरायचा. कधी अबोलीची फुलं, कधी बटण, एकदा तर जिवंत मुंगळा. मग मागे वळून म्हणायचा, "आई, खा." आई खोटं खोटं खायची.

साईशला तिसरं सरायला तीन आठवडे राहिले होते. २८ मे वाढदिवस, आणि जूनमध्ये पेडण्याच्या बालवाडीत जायचं. त्या बालवाडीच्या फॉर्मनेच सगळा घोळ पुढे आणला. तिथल्या बाईंनी फोटो बघितला, त्यातल्या दोन वेण्या बघितल्या आणि 'मुलगी' ह्या चौकोनात खूण करून टाकली.

"बाई, मुलगो आसा तो," स्नेहा म्हणाली.

"मग ह्यो वेण्यो?"

"नवसाचे केस आहेत. जावळ काढलं नाही अजून."

"असं होय. मग शाळा सुरू व्हायच्या आधी फेडून घ्या. दुसरी पोरं वेण्या ओढतात. कोणाचा नवस?"

आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं. कोणाचा नवस, हे स्नेहाला माहीत नव्हतं. विशालला माहीत नव्हतं. पार्से गावात आणि गावाबाहेर ते माहीत असलेलं एकही माणूस तिला ठाऊक नव्हतं. नवस बोलल्या होत्या तिच्या सासूबाई, सुशीलाबाई, आणि त्या दीड वर्षापूर्वी वालीची भाजी निवडता निवडता बसल्या जागी गेल्या. भाजी अर्धी सुपात, अर्धी पाटावर. नवस पोटात.

त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. साईश सहा महिन्यांचा असताना विशाल हौसेने जावळाची गोष्ट काढायला गेला, तर म्हातारीने असा काही आवाज चढवला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "केसांक कात्री लावशात तर बघा! नवस आसा माजो. तिसऱ्याच्या आत फेडूचो आसा. वेळ इली की मिया सांगतंय." पुन्हा विचारलं की तेच. "वेळ इली की सांगतंय." वेळ आली ती भलतीच आली, आणि सांगायचं राहून गेलं.

सासूसुनेचं सूत कसं होतं, ते सांगायची गरज आहे का? सुशीलाबाईंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की भात लगदो, आमटी पाणी, आणि बांद्याची माणसं आळशी. स्नेहाचं माहेर बांद्याचं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायच्या त्या ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा यायच्या, इकडे तान्ह्या पोराला घेऊन स्नेहाची आंघोळसुद्धा खोळंबलेली, आणि बाजारातून आणायचं काय, तर सुकी मासळी, मिरच्या आणि एक मेणबत्ती. दर शुक्रवारी एक मेणबत्ती! "घरात इन्व्हर्टर आसा हो, आई," असं एकदा स्नेहा बोलली, त्यावर चार दिवस अबोला. कपाटाचा खालचा खण मेणबत्त्यांनी भरला होता. वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली की त्यातली एखादी लागायची, आणि साईश ती 'फू' करून विझवायचा. पुन्हा लावा, पुन्हा फू.

सासूबाई गेल्या तेव्हा स्नेहाला रडू आलं नव्हतं. सगळ्या बायका रडत होत्या, ती आत पोराला पेज भरवत बसली होती. ह्या गोष्टीची तिला लाज होती, आणि ती लाज तिने कुणाला सांगितली नव्हती.

नवस कशासाठी बोलल्या असतील, हे मात्र तिने मनाशी पक्कं धरलं होतं. साईश जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी पिवळा पडला. चार दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तेव्हाच म्हातारी नातवासाठी बोलली असणार. म्हणजे पोराचा जीव त्या केसांना बांधलेला. ज्या देवाने पोर दिलं, त्याच्याच पायाशी केस पडले पाहिजेत. भलत्याच देवळात कात्री चालवली आणि खरा देव रागावला तर? आणि तिसरं सरलं आणि फेडलाच नाही तर? हे असले विचार एकदा डोक्यात शिरले की त्यांना बाहेर काढायला कुठली कात्री नसते. साईशला नुसती शिंक आली तरी तिची पाचावर धारण बसायची.

विशालचं म्हणणं सरळ होतं. "काप आणि मोकळी हो. देवाक काय सलूनचो हिशोब ठेवूक वेळ आसा?"

तिच्या आईचं फोनवरचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "नवस फेडल्याशिवाय केसाक हात लावशीत तर माज्या दारात येव नको."

इकडे आड, तिकडे विहीर. मधे दोन वेण्या उडवत साईश.

शेवटी ती कौल घ्यायला गेली. आधी सातेरीकडे. गुरवाने देवीच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, नवस तुझ्या नावचा असेल तर उजवी पाकळी दे, नसेल तर डावी दे. दोन मिनिटांत डावी पडली. सातेरी सुटली. मग दुसऱ्या दिवशी भगवतीकडे. तिथे पाकळ्या लावल्या आणि अर्धा तास झाला तरी एक पडेल तर शपथ. गुरव उभा, स्नेहा हात जोडून उभी, समया मंद तेवतायत, सगळं कसं शांत. साईशला आपलं वाटलं, ही मेणबत्तीचीच काहीतरी गंमत. तो गुरवाच्या हाताखालून सटकला, सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर चढला आणि गाल फुगवून एवढा मोठा 'फूऽऽ' केला. आता त्या फुंकरीने म्हणा, की व्हायचंच होतं म्हणून म्हणा, दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

गुरवाने कपाळाला हात लावला. "आता ह्यो कौल देवीचो काय तुज्या झिलाचो?"

"परत लावा ना, काका."

"आज नाय. देवीची थट्टा जाली मगे. सोमवारी ये."

घरी येताना रस्ताभर ती साईशला बोलत होती आणि साईश रस्ताभर झाडांना फू करत होता. सोमवारी पुन्हा जायचा तिला धीर झाला नाही. दोन्ही पाकळ्या पडल्या म्हणजे देवीला काय म्हणायचं होतं? हो आणि नाही? राहिला तो सरहद्दीपलीकडचा वेतोबा, विशालच्या कुळाचा. तो असेल का? की म्हातारीच्या माहेरचा कुठला देव? तिने वहीत नावं लिहायला घेतली. सात नावं झाली. साईशने त्या पानावर निळ्या पेनने गोल गोल काढले आणि सातांची भाजी झाली.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने वहीत लिहिली नाही. नवस सापडत नाही म्हणून तिला धाकधूक होती, हे खरं. पण सापडत नाही तोवर केस राहतील, केस आहेत तोवर पोर लहान आहे, आणि पायरीवरची ती वीस मिनिटंही आहेत, हेही तिच्या मनात कुठेतरी होतं. मग मला हे संपायला हवंय की नकोय? दिवसभर जी म्हणते, कधी एकदा हा शाळेत जातो, तीच वेणी घालताना मुद्दाम सावकाश घालते. स्वतःच्या मनाचा थांग लागेना तेव्हा तिने विळी काढली आणि नारळ खवायला बसली.

मे महिन्यातला तो बुधवार. वाढदिवसाला बरोबर एक आठवडा. उकाडा असा की कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून बसलेल्या. दुपारी साईशला थोपटता थोपटता स्नेहालाच झोप लागली. पोर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पोर झोपण्याआधी आपण झोपणं ही सर्वांत धोक्याची झोप. ती पोदेराच्या भोंग्याने दचकून उठली. साईश शेजारी बसला होता. शहाण्या मुलासारखा, मांडी घालून. त्याच्या हातात सकाळची उरलेली पोई होती.

"आई, खा," तो म्हणाला.

अर्धवट झोपेत तिने तोंड पुढे केलं. ओठांना काहीतरी मऊ, लांब लागलं. तिने पोईत बघितलं. पोई केसांनी गच्च भरली होती.

दुधाची पिशवी कापायची कात्री त्याच्या गुडघ्याशी पडली होती. डाव्या बाजूची वेणी कानाच्या वर साफ उडालेली. उजवी शाबूत. त्याच्या अर्ध्या डोक्यावर कसलातरी पाला ओरबाडल्यासारखे खुंट उभे होते, आणि तो हसत होता.

स्नेहाने त्याला मारलं. आजवर कधी हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो भोकाड पसरायच्या आत स्वतःच भोकाड पसरलं. "काय केलंस हे! देवा, काय केलंस हे!" साईश आईला असं रडताना बघून घाबरला आणि तिच्याहून मोठ्याने रडू लागला. पोदेर बिचारा फाटकाशी भोंगा वाजवून वाजवून दमला आणि निघून गेला.

तो भोंगा थांबला आणि हे रडणं रस्त्यापर्यंत गेलं. त्यामुळेच शेवंतीकाकी धावत आत आली. शेवंतीकाकी शेजारची, सुशीलाबाईंची जिवाची मैत्रीण. दोघींनी मिळून तीस वर्षं काजू गोळा केले आणि गावाची उणीदुणी काढली. पण सुशीलाबाई जायच्या चार महिने आधीच ती डिचोलीला लेकाकडे नातू सांभाळायला गेली होती. तिला फोन करून नवसाचं विचारावं, हे स्नेहाला कधी सुचलंच नव्हतं. नातू आता शाळेत लागणार, म्हणून काल संध्याकाळीच सुटून आली होती. हातात फणसाच्या गऱ्यांचं ताट तसंच.

"कोण गेला गो? कोण गेला?" असं म्हणत ती आत शिरली, बघते तर अर्धा साईश केसांचा, अर्धा बिनकेसांचा. ताट खाली ठेवून ती मटकन बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"हसू नको, काकी!" स्नेहा ओरडली. "नवसाचे केस होते ते! खंयच्या देवाचे ता सुद्धा माहीत नाय माका. सातेरीक विचारलं, भगवतीक विचारलं. आता ह्याका काय झाला तर मी काय करू?"

काकीचं हसू थांबलं. "म्हणजे सुशील्यान तुका सांगूकच नाय?"

"काय सांगूक नाय?"

"अगे चेडवा... माका वाटला, मराच्या आधी कधीतरी सांगल्यान असतला." काकीने साईशला मांडीवर ओढलं, त्याच्या तोंडात एक गरा कोंबला, तो गप्प झाला. "माका तिनं गळ्याची शपथ घातलेली. पण आता ती नाय, आणि देवी फुकट बोल खातत. आयक. म्हापशाच्या सायबिणीचो नवस तो."

स्नेहाला वाटलं आपण अजून झोपेतच आहोत. "सायबिणीचा? इगर्जीतल्या माउलीचा? चर्चमध्ये कोण जावळ देतं?"

"ताच तर!" काकीने मांडीवर थाप मारली. "तुजी वेळ होती तेव्हा मिया तिच्याबरोबर म्हापश्याक होतंय ना. झील जन्मलो, आमी दोघी खुशीत. इतक्यात नर्सी धावपळ करूक लागली. तुजा रक्त काय थांबना. डॉक्टर म्हणालो, हिका बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेवची, धीर धरा. तुका गाडीत घातली, विशाल तुज्यावांगडा गेलो, आमका गाडीत जागा नाय. सुशील्या तशीच वहाणा न घालता धावत सुटली. मिया म्हटलंय, गे खंय चललंस? तर समोर सायबिणीची इगर्ज. आत गेली, गुडघ्यार बसली, आणि मोठ्यान बोलली, सगळ्या लोकांत."

"काय बोलल्या?"

"म्हणाली, 'सायबिणी, हिका माका परत दी. माज्या घरात ही होयी. पोराचे पयले केस तुज्या पायाकडे हाडून दाखयतंय, तवसर कात्री लावूक देवची नाय.'"

स्नेहाने विचारलं, "हिका म्हणजे कोणाक?"

"कोणाक म्हणजे? तुका!"

"आणि साईशची कावीळ?"

"कावीळ? ती सगळ्याच पोरांक जाता. पोर ठणठणीत होता गो. मरत होतंस ती तू."

स्नेहाला तेव्हाचं फारसं आठवत नव्हतं. थोडं रक्त गेलं, पिशव्या चढवल्या, एवढंच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि शुद्धीवर आल्यावर पलंगाशी बसलेल्या सासूचं पहिलं वाक्य तर तिला तीन वर्षं तोंडपाठ होतं. "पडून रवलंस ती पुरे. उठ, पोराक भूक लागली हा." ह्या वाक्यावर तिने केवढा राग धरला होता!

"मग मला सांगितलं का नाही?" स्नेहा म्हणाली. "एका शब्दाने बोलल्या का नाहीत?"

"लाज," काकी म्हणाली. "घरी इल्यावर तिच्या टकल्यात उजेड पडलो. माका म्हणता, 'शेवंते, सायबिणीक तेल चलता, मेणबत्ती चलता. केस घेवन ती काय करतली गे? घायघायत आमच्या देवीकडे बोलतत तसा बोलून गेलंय.' बोललेलो नवस फिरवूचो कसो? आणि सांगूचो कोणाक? लोक हसतले. दर शुक्रवारी बाजाराक गेली की मेणबत्ती घ्यायची, इगर्जीच्या दारापर्यंत जायची. आतल्या कोणाक तरी विचारूया, केस चलतत काय. तास तास थंय उभी रवायची आणि विचारल्याशिवाय घरी. मेणबत्ती पिशयेत तशीच."

स्नेहा उठली. कपाटाचा खालचा खण तिने ओढला. मेणबत्त्या. काही कोऱ्या, काही अर्ध्या जळलेल्या, दोन-तीन साईशने दातांनी चावलेल्या. इन्व्हर्टर आसा हो, आई. तिने त्या सगळ्या ओच्यात घेतल्या, तिथेच जमिनीवर बसली, आणि दीड वर्षापूर्वी जे रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडली. साईश येऊन तिच्या पाठीवर पडला. काकीने तिला थांबवलं नाही. पोईतले केस मात्र काकीने एक एक करून वेचले आणि रुमालात बांधले.

विशालला संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याने चावी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "माका तरी सांगायची." आणि जेवताना, "शुक्रवारी भाडा घेणय नाय मिया."

शुक्रवारी तिघं म्हापशाला गेली. आधी बाजाराजवळच्या सलूनमध्ये. न्हावी धोंडिबा बेळगावकडचा. साईशचं अर्धं डोकं बघून त्याने विचारलं, "हे कुठल्या कारागिराचं काम?" मग म्हणाला, "जावळाला मामाची मांडी लागते. मामा कुठाय?" स्नेहाचा भाऊ पुण्याला होता. धोंडिबाने हातातली कात्री दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला दिली आणि खुर्चीत बसून साईशला मांडीवर घेतलं. "आज मीच मामा. चालव रे." उजवी वेणी स्नेहाने स्वतः घातली होती, सकाळी, पायरीवर, अगदी सावकाश. ती तशीच्या तशी कापून तिच्या हातात आली. साईशने आरशात बघितलं आणि आरशातल्या मुलाला विचारलं, "तू कोण?"

इगर्जीच्या आवारात मेणबत्त्या आणि तेल विकणारी एक म्हातारी बसली होती. स्नेहाने पिशवीतल्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या दाखवून विचारलं, "ह्यो चलतल्यो काय?"

"चलतात की. तिका नवी-जुनी समान." म्हातारीने तेलाची बाटली पुढे केली, साईशच्या तासलेल्या डोक्याकडे बघितलं. "नवस? ह्या बाबाचो?"

तीन वर्षं ह्या प्रश्नाला स्नेहाने एकच उत्तर दिलं होतं. हो, मुलाचा. आत्ताही ते ओठावर आलंच होतं.

"नाय," ती म्हणाली. "माझा. माझ्या सासूबाई बोललेल्या. माझ्यासाठी."

"बरी सासू," म्हातारी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आत तिने तेल घातलं. मेणबत्त्या लावल्या, एकीवरून एक पेटवत. विशालने साईशला कडेवर घट्ट धरून ठेवलं तरी त्याने गाल फुगवून त्यातली एक विझवलीच, ती पुन्हा लावली. मग स्नेहाने पर्समधून रुमाल काढला. केस इथे चालतात की नाही, हे तिनेही कुणाला विचारलं नाही. हाडून दाखयतंय, आणून दाखवते, एवढंच तर बोलल्या होत्या ना? तिने रुमालाची गाठ सोडली, एक आख्खी वेणी आणि एक वेणीचा भुगा, दोन्ही तळहातांवर धरून उभी राहिली. कुठली प्रार्थना म्हणायची तिला येत नव्हती. सायबिणीशी बोलायचं की सासूशी, तेही कळत नव्हतं.

"आई, हाडलंय हो," ती हळूच म्हणाली. "बघून घेवा."

मग रुमाल बांधून तिने पर्समध्ये ठेवला.

बाहेर आली तर साईशला घेऊन आधीच बाहेर पडलेला विशाल एकटाच उभा राहून फोनवर बोलत होता. "साईश?" तिने विचारलं. विशालने आवारात बोट दाखवलं. तिथे पाच-सहा पोरं कबुतरांमागे धावत होती. तिने नजर फिरवली. नेहमी तिला शोधावं लागायचं नाही. जत्रेत, बाजारात, कितीही गर्दी असो, पाठमोऱ्या दोन वेण्या दिसल्या की तो आपला. आता सगळीच पोरं पाठमोरी, सगळ्यांच्या माना उघड्या. त्यांतला एक मुलगा तर तिच्या अगदी पुढ्यातून धावत गेला. बारीक मान, मोठे कान. तिने त्याच्याकडे बघितलं, कुणाचं गोड पोर म्हणून बघितलं, आणि पलीकडे आपला साईश शोधत राहिली.

तेवढ्यात तो मुलगा वळला आणि म्हणाला, "आई!"